जागा रायली का?

“गाने किती ऐकता तुमी, ताई? सच्ची बात सांगा,” असं मोहसीनभाईंनी मला विचारलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि खरं बोलायची मला फारशी सवय नव्हती. मी म्हणाले, “खूप.” त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. अमरावतीत आमच्या कॉलेजच्या मागच्या गल्लीत त्यांचं एका दाराचं दुकान होतं. तिथे त्यांच्या वडिलांनी घड्याळं दुरुस्त केली, त्यांनी स्वतः कॅसेट विकल्या, मग सीडी विकल्या, आणि आता काचेखाली बोटभर लांबीचे गाणी वाजवायचे डबे मांडले होते. एकशे अठ्ठावीस, दोनशे छप्पन आणि पाचशे बारा एमबी, असे तीन आकार. सरळ शंभर, अडीचशे, पाचशे का नाहीत, असं मी विचारलं, तर म्हणाले, “ते कंपनीवाल्याले विचारा. मी विकून राहिलो फक्त.” मग गल्ल्यावरचा वहीचा कागद फाडून माझ्यापुढे ठेवला. “लिहा. कोनते गाने पाहिजे, नाव लिहा.” मी पेन घेतलं. अकरा गाणी सरसर लिहिली. बारावं आठवायला वेळ लागला. चौदाव्याला मी दुकानाबाहेरच्या रसवंतीकडे पाहू लागले. “बस,” मोहसीनभाई म्हणाले, “इतकाच लागते मानसाले. छोटावाला घ्या.” पण मी काय चौदा गाण्यांची मुलगी होते? दिवाळीच्या ड्रेसचे पैसे घेऊन मी आले होते. मी दोनशे छप्पनचा घेतला.

त्यात साधारण पंचावन्न गाणी बसतात असं कळल्यावर माझा चेहरा पडला असावा, कारण त्यांनी लगेच दुसरा उपाय सांगितला. कमी दर्जात भरली तर दुप्पट बसतात. फरक काय? “थोडं दबल्यासारखं वाजते. पन तुमाले कुठं समजते?” हे त्यांनी इतक्या मायेनं सांगितलं की मला अपमान वाटला नाही. एकशे दहा गाणी भरून घेतली. त्यातली नव्वद मी कधीच ऐकली नाहीत. पण ती माझ्याजवळ आहेत, दप्तरात आहेत, या एका गोष्टीवर मी ते अख्खं सत्र होस्टेलच्या पाण्यासारख्या वरणावर काढलं.

घर अकोल्याला. बाबा एसटीत कंडक्टर, अकोला-पातूर गाडीवर. तिकिटं पंच करायचा चिमटा हातात नसला तरी त्यांची बोटं चिमटा वाजवत असायची. जेवताना, पेपर वाचताना टिकटिक टिकटिक. आई वैतागून म्हणायची, “ड्युटी संपली आता, उतरा गाडीतून.” बाबांच्या तोंडी दिवसभर एकच शब्द, जागा. जागा नाई, जागा करा, मागे जागा हाय, पुढं सरका. मी त्यांच्या गाडीत बसले तर मला हमखास उभं करायचे. “घरच्या मानसाले शेवटी जागा,” आणि पातूर येईपर्यंत ती शेवटची जागा काही यायची नाही. त्या सालांत बाबा घरी आले की आधीसारखे प्रवाशांचे किस्से सांगत नसत. एकदा आईनं विचारलं, गाडी रिकामी असते का आजकाल? म्हणाले, “रिकामी कायची? निम्मी गाडी तेराव्याले चालली असते. पांढऱ्या टोप्या. बोलत नाई कोनी.” आणि बोटं टिकटिक करत राहिली. कापसाचं काय झालं, कोण कसं गेलं, हे आमच्या घरात यापेक्षा जास्त बोललं गेलं नाही. मोठेपणी पेपरांतून त्याबद्दल पुष्कळ वाचलं. पण मला ती वर्षं आठवतात ती त्या न बोलणाऱ्या गाडीवरून.

आईचा भाऊ, वासुमामा, पातूरच्या अलीकडच्या गावात राहायचा आणि तिथल्या भजनी मंडळाचा तो मुख्य गाणारा होता. मंडळ खंजिरीचं. मोझरीच्या आश्रमात जाऊन-येऊन मामाच्या वडिलांनी उभं केलेलं. एकेकाळी त्यात अकरा माणसं होती. मी सांगते त्या वेळी चार उरली होती, बाकीचे पुण्याला कंपनीत नाहीतर सुरतेला. आणि माणसं कमी झाली नेमकी त्याच काळात बोलावणी वाढली. लग्नाची नव्हेत. कुणाच्या घरी तेरावं असलं की दुपारच्या जेवणाआधी मंडळ बसायचं आणि शेवटी मामा निरोपाचं भजन म्हणायचा. चाल त्याची स्वतःची. लोकांना तेच हवं असायचं. “वासुदेवभाऊ आले का?” हे आधी विचारायचे आणि मग मांडव घालायचे. मामा पैसे घेत नसे. चहा घ्यायचा, आणि तंबाखू. तंबाखू फार.

मी दिवाळीला गेले तेव्हा मोठ्या ऐटीत माझा डबा त्याच्या कानाला लावला. एक जुनं गाणं लावलं, त्याच्या आवडीचं. तो डोळे मिटून ऐकत होता. मग एक कान मोकळा करून म्हणाला, “वर्षे, गानं हाय वं. पन यातल्या जागा कुठी गेल्या?”

मी म्हटलं, “मामा, जागा भरली. एकशे दहा गाणी आहेत.”

“ते नाई म्हनत मी. गानारा इथं वरून खाली येते, आवाज वळवते, ते वळनच नाई. कोनी इस्त्री केली काय गान्याले?”

भजनी माणसं आवाजाच्या त्या नेमक्या वळणाला, हरकतीला, जागा म्हणतात. काय जागा घेतली, असं म्हणून मांडीवर हात मारतात. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. मुद्दाम सांगते, कारण ठाऊक असूनही मी जे केलं ते केलं.

संक्रांतीनंतर मामाच्या गळ्याचं निघालं. गाठ. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आवाजाची पेटीच काढावी लागेल, जीव वाचेल, बोलणं जाईल. मामी रडली, आई रडली, मामानं मात्र भलताच प्रश्न काढला. निरोपाचं भजन कोण म्हणेल? उरलेल्या तिघांपैकी दोघं टाळकरी आणि एक कानानं कमी. राहिली त्याची मुलगी कमल, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. ती बायकांत मागे बसून ऐकत आलेली. गळा गोड, शब्द पाठ. पण शेवटच्या कडव्यातल्या जागा मामा दर वेळी वेगळ्या घ्यायचा, त्या दिवशी समोर कोण बसलंय ते पाहून. कमल म्हणायची, “बाबा, एकदाच काय ते पक्कं सांगा.” तो म्हणायचा, सांगू. आता सांगायला पाच-सहा दिवस उरले होते, आणि डॉक्टरांनी गळ्याला ताण देऊ नका असं बजावलं होतं. तेव्हा मामानं ठरवलं, एकदाच म्हणायचं, आवाज आहे तोवर, ते वर्षीच्या डब्यात भरून ठेवायचं आणि कमलनं त्यावरून बसवायचं. माझ्या डब्यात आवाज रेकॉर्ड करायची सोय होती. आमच्या अख्ख्या खानदानात ते यंत्र माझ्याच एकटीजवळ. मला, खरं सांगते, दुःखाच्या आधी अभिमान वाटला.

निघण्याआधी मोहसीनभाईंकडे गेले. त्यांनी बजावलं की रेकॉर्डिंग जागा फार खातं, चांगल्या दर्जात करायचं तर गाणी काढा, निम्मी तरी काढा. “अन हे कमी दर्जात नका करू, ताई. मानसाचा आवाज हाय.” मी होस्टेलच्या खाटेवर बसून गाणी काढायला लागले. एकेक गाणं काढायला चार वेळा बटण दाबावं लागे. पंचवीस काढली आणि पुढचं एकही काढवेना. प्रत्येक गाणं पुसताना वाटायचं, हेच नेमकं उद्या ऐकावंसं वाटलं तर? न ऐकलेल्या गाण्यांबद्दल मला एवढी माया कुठून आली होती कोण जाणे. बारा मिनिटांची जागा झाली. भजन आठ मिनिटांचं. पुरे की.

दुपारी जेवणं झाल्यावर बसलो. मामीनं ढेपेच्या पोत्यांची खोली झाडून दिली होती, कारण तिथं रस्त्याचा आवाज पोचत नसे. मामासाठी ताकातल्या कण्या केल्या होत्या, त्याला भाकर गिळवत नव्हती. त्यानं कोमट पाण्यानं गळा ओला केला, खंजिरी उन्हात धरून तापवून आणली. कमल शेजारच्या म्हातारीला पाणी द्यायला गेली होती. तिची वाट पाहू का म्हटलं तर मामा म्हणाला, “नको. ती समोर असली तर मी शिकवत बसीन. गानं रायते मंग बाजूले.”

आणि मामा म्हणाला. काय म्हणाला ते कसं सांगू? गाठीमुळे आवाज थोडा जड झाला होता, पण त्या जडपणानं भजनाला अंग आलं होतं. शेवटच्या कडव्यात तो वर गेला, तिथं क्षणभर थांबला, दारातून कुणीतरी जाताना मागे वळून पाहावं तसा, आणि एकेक पायरी खाली उतरला. मी डबा हातात धरून बसले होते. माझ्या अंगावर काटा आला, आणि त्याच वेळी माझं लक्ष नखाएवढ्या पडद्यावरच्या आकड्यांकडे होतं. दोन्ही खरं आहे.

भजन संपलं. मी बटण दाबलं. मामानं डोळे उघडले, घाम पुसला आणि विचारलं, “जागा रायली काय वं?”

मी पडद्यावर पाहिलं. चार मिनिटं दाखवत होता. मी खुशीत म्हटलं, “रायली ना मामा! चांगली रायली.”

मामानं पाण्याचा पेला उचलला, पुन्हा ठेवला. “बरं,” म्हणाला, “मंग पुन्हा म्हनतो.”

मला वाटलं, यंत्रात जागा उरली म्हणून त्याला हौस आली. पण आठ मिनिटांचं भजन चार मिनिटांत कसं बसणार? मी पाहिलं, काय काढता येईल? माझी पंच्याऐंशी गाणी होती. आणखी चार मिनिटांची जागा करायची तर त्यातली आठ-नऊ पुसायला हवी, प्रत्येकी चार वेळा बटण. मामा तर खंजिरी घेऊन बसलेला. आणि त्याच्या आताच्या भजनाचा तो एकच मोठा तुकडा, चार वेळा बटण दाबलं की सगळी जागा मोकळी. तो पुन्हा म्हणतोय म्हणजे पहिलं त्याला पटलं नसणार, असा मी विचार केला. विचार कसला, मला सोपं पडत होतं. मी पुसलं.

दुसऱ्या वेळी मामा ताकद लावून म्हणत होता. जिथं नव्हतं तिथंही वळण घेत होता. मानेच्या शिरा दिसत होत्या. मला वाटलं, काय रंगात आलाय! शेवटच्या कडव्यात वर गेला आणि तिथं आवाज फाटला. कापड टराटर फाटावं तसा नव्हे. जुनं धोतर पिळताना मधेच विरतं तसा. एक श्वास तो तसाच थांबला, मग फाटलेल्या आवाजातच खाली उतरला आणि भजन पुरं केलं. नंतर खोकला आला तो थांबेना. मामी धावत आली आणि माझ्या हातातल्या यंत्राकडे पाहत मामाला आत घेऊन गेली.

चारच्या फेरीनंतर बाबा आले. मामीनं चहा ठेवला. मामा भिंतीला टेकून बसला होता, हळू आवाजात बाबांना म्हणाला, “भाऊजी, गळा गेलाच म्हना. पयल्या खेपेले मले वाटलं, चांगलं झालं. शेवटच्या कडव्यात एखांदी जागा रायली असंन, म्हून विचारलं, तर पोरगी म्हंते चांगली रायली. म्हनलं मंग पुन्हा. तर हे असं.”

बाबा माझ्याकडे वळले. “तुले जागा समजते काय वं भजनातली?”

मी बशीकडे पाहत म्हटलं, “मला वाटलं, यंत्रात जागा उरली का ते विचारतायत.”

क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग सर्वांत आधी मामाला कळलं. तो हसला. हसताना गळा धरून हसला. “अरे बाप्पा! म्हंजे पयलं बराबर होतं?”

“बरोबर होतं, मामा.”

“काई सुटलं नोतं?”

“नाही.”

“मंग लाव बरं ते. आयकू तर दे.”

मी म्हटलं, “सेल संपला.” बाबांची बोटं चहाच्या कपावर टिकटिक करत होती, ती थांबली. माझं खोटं त्यांनी ओळखलं होतं. संध्याकाळच्या गाडीत त्यांनी मला बसायला जागा दिली. आयुष्यात पहिल्यांदा. मामाच्या गावापासून अकोल्यापर्यंत मी त्या जागेवर बसून रडत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच अमरावतीला मोहसीनभाईंपुढे उभी राहिले. पुसलेलं परत आणता येतं, असं कुणीतरी सांगितलं होतं. त्यांनी दुपारपर्यंत खटपट केली, दोन गिऱ्हाइकं परत पाठवली. शेवटी खुर्ची मागे सरकवून म्हणाले, “ताई, नुसतं पुसून ठेवलं असतं तर कदाचित निघालं असतं. तुमी त्याच्याच वरतून दुसरं लिहिलं.” आणि डबा परत देताना, “गाने काहून नाई काढले?” मी डबा दप्तरात टाकला.  आता माझ्या फोनमध्ये इतकी जागा आहे की तिचा आकडाही मला नीट सांगता येत नाही, आणि तरी तो महिन्याला भरतो. कुणाच्या तरी सुप्रभाताच्या फुलांनी भरतो. पुसायला बसले की माझा अंगठा अजूनही मोठ्या तुकड्याकडे जातो. एका झटक्यात काम होतं ना.

दोन दिवसांनी मामाला नागपूरला न्यायचं होतं. अकोल्याहून सुटलेली गाडी अमरावतीच्या स्टँडवर दहा मिनिटं थांबते. मी आधीपासून जाऊन उभी होते. मामा खिडकीशी बसला होता, गळ्याला मफलर, मामी पलीकडे डोळे मिटून. मी खिडकीखाली उभी राहून सांगून टाकलं. पहिलं पुसलं, मीच पुसलं, गाणी ठेवली आणि ते पुसलं. गाडीतल्यांना वाटलं असेल, पोरगी निरोप द्यायला आली म्हणून रडतेय.

मामा ऐकत राहिला. मग म्हणाला, “मंग आता काय? गाडीतून उतरून म्हनू काय?”

मी नुसती मान हलवली.

“दुसरं हाय ना?”

“आहे. पण त्यात आवाज...”

“फाटला. माहीत हाय मले.” ड्रायव्हर चढला, गाडी थरथरायला लागली. मामानं खिडकीच्या गजावर ठेवलेल्या माझ्या बोटांवर हात ठेवला. “कमलीले सांगजो, जिथं फाटलं तिथं तिनं आपलं पाहून घ्यावं. माह्यासारखं करू नये. सांगजो बरं, वर्षे.”

“सांगते.”

मामाच्या आवाजातलं मी ऐकलेलं हे शेवटचं वाक्य. आणि ते मी कमलला सांगितलं नाही. सांगायचं तर तिथं का फाटलं ते सांगावं लागलं असतं, आणि मग पहिलं कुठं गेलं तेही. मी गावी जाऊन तो डबा तिच्या हातात दिला, कोणतं बटण दाबायचं ते दाखवलं आणि अमरावतीला परत आले. परीक्षा होती असं मी सर्वांना सांगितलं. परीक्षा होती, पण ती महिन्याभरानं.

मामा वाचला. गळ्याला भोक आणि त्यावर मलमलीचा रुमाल घेऊन घरी आला. पहिलं बोलावणं आलं ते उन्हाळ्यात, शेजारच्याच गावाहून, एका तरण्या माणसाच्या तेराव्याचं. मी सुट्टीत आले होते, आई म्हणाली चल. मांडवात पांढऱ्या टोप्या होत्या. मधे चार माणसं, त्यांत खंजिरी घेऊन मामा, आणि त्याच्या डावीकडे कमल. बाई पुढे बसलेली पाहून दोन-तीन म्हातारे कुजबुजले. मग तिनं सूर लावला आणि कुजबूज थांबली.

बाप दवाखान्यात असताना ढेपेच्या खोलीत बसून तिनं ते भजन जसंच्या तसं उचललं होतं, आणि त्याच्यासमोर ती ते आज पहिल्यांदा म्हणत होती. मामानं जास्तीची घेतलेली वळणंही. शेवटच्या कडव्यात ती वर गेली, आणि तिथं तिनं आपला चांगला, कोवळा, निरोगी आवाज जाणूनबुजून फाडला. एक श्वास थांबली. त्याच विरलेल्या आवाजात पायरी पायरी खाली उतरली. बापानं शेवटचं पक्कं करून दिलं ते हेच, असं ती समजली होती. मेलेल्याची आई आतापर्यंत खांबाला टेकून कोरडी बसली होती, तिनं पदर तोंडात घातला. माझ्या पुढ्यातला एक म्हातारा मांडीवर हात ठेवून शेजाऱ्याला म्हणाला, “काय जागा घेतली, बाप्पा.”

मामाची खंजिरी थांबली होती. त्यानं आधी कमलकडे पाहिलं आणि मग माणसांमधून नेमकं मला शोधून काढलं. मी मान खाली घातली. त्याच्यापाशी आवाज नव्हता, पण हात होता. खूण करून तो तिला थांबवू शकला असता. घरी गेल्यावर पाटीवर लिहून सांगू शकला असता. ते कडवं दोनदा म्हणायची रीत आहे. कमल पुन्हा वर चढू लागली. मामानं खंजिरी उचलून कानाशी धरली, वाट पाहिली, आणि आवाज फाटला त्या ठिकाणी तिच्याखाली एक सावकाश थाप दिली.

कमलच्या हाताखाली आता गावातल्या सहा-सात बाया म्हणतात, आणि सगळ्या तिथं आवाज फाडतात. दुरुस्त करू शकणारा एकच माणूस होता. त्यानं थाप दिली होती.